रुपयातली ओल

शालिकराम हे माझ्या यजमानांचं नाव. समोर मी ‘अहो’ म्हणते, पण लिहिताना ‘अहो’ म्हणून चालत नाही. वाचणारे सगळेच वळून पाहतील.

नोकरीभर ते सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकरी गाडी घेऊन यायचा. वरवर पांढराशुभ्र माल रचलेला असायचा. त्यात पाप नाही. मुलगी दाखवताना आपणही तिला चांगली साडी नेसवतोच. हे गाडीत कोपरापर्यंत हात घालायचे. एक मूठ वरून, एक मधून, एक तळातून. सगळं एकत्र करून धागा ओढून पाहायचे, सरकी दाताखाली धरायचे. कट्ट वाजली तर माल कोरडा, नुसती दबली तर ओल. ओलीचं वजन वजा व्हायचं. मग ग्रेड सांगायचे, आणि एकदा सांगितली की ती बदलायची नाही. लोकांनी हात जोडले, शिव्या दिल्या, मोर्शीकडच्या एकाने संत्र्यांचं पोतं घरी पाठवलं. ग्रेड तीच राहिली आणि पोतं परत गेलं. ग्रेडचं मला काही नव्हतं. संत्र्यांचं वाईट वाटलं.

निवृत्त झाल्यावर हाताला कापूस लागेना. केंद्रंही एकेक करून ओस पडत होती. दोन हजार पाच साल होतं. सकाळचं वर्तमानपत्र उघडताना आतल्या पानावरच्या शेतकरी आत्महत्यांत गावाचं नाव ओळखीचं निघू नये असं मनात म्हणावं लागायचं, असे ते दिवस. हे ती सगळी पानं ओलांडून थेट शेअर बाजाराच्या पानावर जायचे. आमच्या घरात शेअर एकही नव्हता. शब्दकोडं सोडवायला माणसाला कुठे स्वतःचे शब्द लागतात? तसंच ते. अमरावतीच्या वाचनालयात पंख्याखालची खुर्ची धरायची आणि कोणती कंपनी महाग, कोणती स्वस्त ते काढत बसायचं.

तिथेच एका मासिकात त्यांना एक रीत सापडली. शेअर महाग की स्वस्त हे ठरवताना एका वर्षाचा नफा पाहायचा नाही. मागच्या दहा वर्षांचे नफे घ्यायचे. महागाई धरून सगळे आजच्या रुपयात आणायचे. त्यांची सरासरी काढायची, आणि शेअरचा भाव त्या सरासरीच्या किती पट आहे ते पाहायचं. परदेशातले मोठे प्रोफेसर म्हणे असंच करतात.

“अवो, हे तं आपलंच हाय!” घरी येऊन चपला न काढताच ते म्हणाले. “एका वर्षाचा नफा म्हंजे वरची मूठ. दहा वर्षं म्हंजे तळापर्यंत हात. अन् महागाई म्हंजे ओल. रुपया जितका नवा तितकी त्याच्यात ओल जास्त. दिसते फुगलेला, पण वजन नाई. ओल काढल्याबिगर जुना रुपया नव्यासंग तोलताच येत नाई.”

“चपला काढा,” मी म्हटलं. पण ते बोलणं मला पटलं होतं. रुपया फुगलेला दिसतो आणि वजन नसतं, हे मला कोणत्याही मासिकाने सांगायची गरज नव्हती.

भाद्रपदात एका दुपारी अकोल्याहून महेजबीन आली. यांची अकोल्याला बदली होती तेव्हा जुन्या शहरात आमची खोली आणि तिचं घर यांच्यात एकच भिंत होती, आणि त्या भिंतीलाही एक खिडकी. तिचे मालक अय्युबभाई तिथल्या सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये फिटर होते. मिलचं कागदावरचं नाव लांबलचक. गावात सगळे ‘लाल चिमणी’ म्हणायचे. कंपनीने एकदा आपल्या कामगारांनाही शेअर दिले. बहुतेकांनी ते सणावाराला काढून टाकले. अय्युबभाईंनी ठेवले, वर इतरांचेही थोडे घेतले. ते गेले, आणि महेजबीनकडे घराच्या पुढच्या खोलीतलं गादी-रजईचं दुकान राहिलं आणि लाल चिमणीचे आठशे शेअर. एकुलती एक माहेनूर दर्यापूरला दिलेली.

“भाभी, चाय बाद में,” ती दारातूनच म्हणाली. “आधी सांगा, भाईजान कुठी हायेत?”

रजईच्या खोळीत गुंडाळून तिने कंपनीची दरवर्षी येणारी अहवालाची पुस्तकं आणली होती. ती तिने एकदाही उघडली नव्हती. पण अय्युबभाईंनी जपलेली, म्हणून तिनेही जपलेली.

हकिगत अशी होती. नागपूरची एक बडी पार्टी लाल चिमणीचे शेअर गोळा करत होती. अकोल्याचे दलाल भगवंतराव त्यांच्यातर्फे घरोघर फिरत होते. एका शेअरला एकशे पाच रुपये, दसऱ्याच्या आत सही, हातात चेक. बाजारात या शेअरचा सौदा महिन्यातून एखादा व्हायचा, तोही नव्वदच्या आसपास.

“सगळे म्हणून राहिले, इक डालो,” महेजबीन म्हणाली. “पण हे माह्यं म्हातारपण हाय, भाईजान. डोळे गेले की दाभण हातात धरता येनार नाई. जावई चांगला हाय. म्हून तं त्याच्यापुढं हात पसरायचा नाई. चांगल्या मानसापुढं हात पसरला की तो चांगला राहत नाई. एकशे पाच हा बरोबर भाव हाय का, येवढंच सांगा. तुमी जे सांगसान ते मी करन.”

यांनी पुस्तकं जवळ ओढली. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यापुढे गाडी उभी केली होती.

महेजबीन आमच्याकडे मुक्कामी राहिली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात, हे पुढच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी बोलावलं आणि शाळेतल्या मास्तरासारखं मांडून सांगितलं. एका शेअरमागे कंपनीचा नफा पंचाण्णव सालापासून असा: पहिली चार वर्षं दहा, अकरा, नऊ, बारा. मग उतरण, आठ, सहा, चार. मग हळूहळू चढण, पाच, सहा, आणि गेल्या वर्षी नऊ.

“भगवंतराव तुमाले चारवाला साल दाखवत असतीन,” हे म्हणाले.

“हो. म्हने, कंपनी डुबत होती.”

“अन् न इकणारा बारावाला साल दाखवीन. दोघंबी खोटे नाईत. वरच्या मुठी हायेत त्या. आपन दहाही घेऊ. सरासरी आली आठ.”

“अन् ओल?” मी विचारलं.

“काढली ना!” ते खुशीत म्हणाले. “सरकारचा महागाईचा आकडा दिल्लीत शिजते, तो मी घेतला नाई. मी आपल्या मापानं मोजलं. कापसानं. दहाही वर्षांचे भाव मले तोंडपाठ हायेत. पंचाण्णवले क्विंटलले दोन हजाराच्या आसपास होता, आजबी दोन हजाराच्या आसपासच हाय. मधात थोडा वर-खाली. म्हंजे दहा वर्षांत रुपयाले ओल लागलीच नाई म्हना! आठाचे आठ.”

यात हसण्यासारखं काही आहे असं तेव्हा आम्हा तिघांपैकी कुणालाही वाटलं नाही. वऱ्हाडात सगळं कापसातच मोजतात. कुणाचं घर किती गाड्यांत बांधून झालं, कुणाच्या पोरीचं लग्न किती बोऱ्यांत उरकलं, आणि एकेकाळी क्विंटलभर कापसात तोळाभर सोनं कसं यायचं, हे तर इथे पाळण्यातल्या पोरालाही ऐकवतात. त्याच सकाळी मी किराण्याच्या दुकानातून हलकी पिशवी आणि जड मन घेऊन आले होते. तरी मलाही सुचलं नाही. कागदावर आकडा लिहिला की घरातली पिशवी कशी कोण जाणे, आठवत नाही.

“मासिकात पंधरापट चालते असं हाय. आपली लहान गावची कंपनी, शेअर लवकर इकत नाई, म्हून मी बारापट धरली. आठ बारे शहाण्णव. तो एकशे पाच देऊन राहिला. इका, भाभी.”

महेजबीनने एक मोठा श्वास सोडला. मग कोपऱ्यावरच्या पीसीओवर जाऊन तिने भगवंतरावांना फोन लावला. मी सोबत होते. “होय, आठशेच्या आठशे. आपली जबान हाय. बुधवारी या, दुपारून.”

आम्ही परत निघालो. “इकायचं ठरलं की वस्तू लगेच दुसऱ्याची दिसाले लागते, नाई भाभी?” ती वाटेत म्हणाली.

त्या बुधवारी आम्हीही अकोल्याला गेलो. सहीसाठी नाही, गादीसाठी. आमची मोनाली दिवाळीनंतर बाळंतपणाला यायची होती आणि घरची मोठी गादी दगडासारखी झाली होती. गादीतली रुई टाकून देत नाहीत. उसवायची, पिंजून फुलवायची, कमी पडेल ती नवी घालायची आणि नव्या खोळीत भरायची. ही गादी अय्युबभाईंनी आमच्यासाठी पंचाण्णव साली भरली होती, हे अकोल्याहून अमरावतीला बदलून निघाले तेव्हा. ती दुसऱ्या पिंजाऱ्याकडे नेणं म्हणजे सोयरीक तोडणंच. म्हणून गादीची गुंडाळी करून एस.टी.त चढलो.

“गादीले खिडकीजवळची सीट देऊ का?” कंडक्टरने विचारलं.

“तिले वारा लागते,” हे म्हणाले.

महेजबीनचं दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी खोली, मागे पिंजायचं यंत्र आणि सगळीकडे हवेत तरंगणारी रुई. तिथे बसलेलं माणूस थोड्याच वेळात म्हातारं दिसायला लागतं. आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या. तिने गादी उसवली, आतला जुना कापूस हातात घेतला आणि यांच्यापुढे धरला.

“पाहा भाईजान, तुमीच दिला होता निवडून. आजबी धागा कसा हाय!”

यांनी तो नेमाने ओढून पाहिला. “असा आता भेटत नाई,” म्हणाले, पण खूश झाले.

मग ती हिशेब सांगू लागली. मोनालीसाठी म्हणून घसघशीत पाच किलो नवी रुई घालायची होती. “रुईचं काय, ते पन्नासाच्या आतबाहेर किलो. इनोंने भरली तव्हाबी येवढीच होती. खोळीचं कापड मात्र तव्हा पंचवीस रुपये मीटर, आता पंचेचाळीसच्या खाली ढंगाचं भेटत नाई. धाग्याची रीळ दुप्पट. पिंजायची अन् भरायची मजुरी तव्हा साठ घेत होतो, आता शंभराच्या वर घ्या लागते, नाई तं बिजलीचं बिल बी नाई निघत.” ती उसवलेले टाके झटकत बोलत होती, नेहमीचं बोलणं, दिवसातून चारदा गिऱ्हाइकांना सांगायचं. “पयले गादीत रुई महाग अन् खोळ सस्ती. आता खोळच रुईवर चढून बसली. सगळं वाढलं, भाभी. कापूस तेवढा वाढला नाई बिचारा.”

मी ‘हो ना’ म्हणाले.

वळून पाहिलं तर हे रुईची ती मूठ तशीच हातात धरून उभे होते. कुणी बोलावलं आणि ऐकू आलं नाही, असा चेहरा. मग खाली पडलेल्या रुईच्या ढिगावरच बसले.

“काय झालं? चक्कर आली का?” मी घाबरले.

“लीला,” ते म्हणाले. चार माणसांत ते माझं नाव घेत नाहीत. “दूध तव्हा काय लिटर होतं?”

“तेव्हा म्हणजे?”

“पंचाण्णवले. ही गादी भरली तव्हा.”

“दहा रुपये. सुट्टे नसले की गवळी चॉकलेट द्यायचा.”

“अन् आता?”

“सतरा. आणि चॉकलेटही देत नाही.”

“एस.टी.चं तिकीट? अमरावती-अकोला?”

“जवळपास दुप्पट झालं,” महेजबीन म्हणाली. “माहेनूरले घिऊन येत होती ना मी. पन काहून इचारून राहिले, भाईजान?”

ते मुठीकडे पाहत होते. “नफ्याले मी दहा मुठी घेतल्या, भाभी. तळापर्यंत हात घातला. अन् महागाईले एकच मूठ घेतली. अन् तेबी कशाची, तं कापसाची! साऱ्या दुनियेत जे एकच वाढलं नाई, त्याच्यानं मी दुनिया मोजली.” आवाज असा झाला की मी पाण्याचा तांब्या शोधू लागले. “गाडीवाले मले सांगत होते. दरवर्षी सांगत होते. ‘साहेब, खत वाढलं, फवारा वाढला, भाव तेवढाच हाय.’ मी म्हनत होतो, भाव माह्या हातात नाई, ग्रेड सांगतो. ऐकलं कधीच नाई मी ते. नुसतं कानावर पडलं.”

महेजबीनने दाभण खाली ठेवली. “पानी प्या आधी. मंग सरळ सांगा. माह्या शेअरचं काय?”

हीच तर तिची गोष्ट मला आवडते. रडायचं असेल तर रडा, पण आधी कामाचं.

हे तांब्यातलं पाणी प्यायले. खिशातलं पेन काढलं आणि खोळीच्या कापडाच्या कागदी वेष्टनावर पुन्हा मांडायला बसले. या वेळी मुठी आम्ही तिघांनी मिळून घेतल्या. दूध, कापड, तिकीट, मजुरी, तूरडाळ, दुकानाच्या विजेचं बिल, माहेनूरच्या शाळेचे बूट. डाळीवरून आम्हा दोघींचं भांडण झालं. तिची डाळ माझ्या डाळीपेक्षा नेहमीच दोन रुपयांनी स्वस्त असते. कुठे दीडपट निघाली, कुठे दुप्पट. सगळं मिसळून पावणेदोनला थोडी कमी. म्हणजे पंचाण्णवचे ते दहा रुपये आजचे सतरा झाले. बारा रुपयांचे जवळजवळ सोळा. अलीकडच्या वर्षांच्या नफ्यात कमी भर, गेल्या वर्षाच्या नफ्यात नाहीच. सरासरी आठावरून सरकत साडेदहाच्या वर गेली.

“साडेदहा बारे एकशे सव्वीस,” हे म्हणाले. “तो एकशे पाच देऊन राहिला. सस्त्यात चालले, भाभी. मी चुकीचा सांगितला भाव.”

तिने हात गुडघ्यांवर ठेवले. “म्हंजे थांबली तं एकशे सव्वीस भेटतीन?”

“असं मी म्हनत नाई.” हे घाईने बोलले. “कधी भेटतीन ते ही रीत सांगत नाई. यंदा नाई भेटणार. चार वर्षं नाई भेटणार कदाचित. मधात अजून पडू शकते. माल कसा हाय येवढंच सांगते ही, गिऱ्हाईक कधी येईन ते नाई.”

“अन् तवरोक?”

“तवरोक कंपनी दरसाल वाटते ते तीन-साडेतीन रुपये शेअरमागं. ते तुमाले येतच राहतीन.”

मी त्या दोघांकडे पाहत होते. सही करून मोकळं व्हायचं म्हणून ती आठवडाभर मनाची तयारी करत होती; आता तो दगड पुन्हा उचलून तिच्या मांडीवर ठेवला गेला. आणि यांनी जन्मात पहिल्यांदा सांगितलेली ग्रेड मागे घेतली होती. कोणाला जास्त जड गेलं ते मला आजही सांगता यायचं नाही.

“जबान दिली मी,” महेजबीन हळूच म्हणाली. “इस गली में अब्बू के वक्त से हमारी जबान चलती है. रुई उधार भेटते ती जबानीवरच.”

“मी सांगतो त्याले. चूक माही हाय.”

“चूक तुमची, जबान माही. तुमी सांगून कसं चालन?”

एवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. भगवंतराव वेळेच्या आधीच आले. साठीकडे झुकलेला ऐसपैस माणूस, कागदांची चामडी बॅग, कपाळाला घाम. आत आले, रुईच्या ढिगावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि थांबले.

“ग्रेडर साहेब?”

यांनी ओळखलं नाही. ओळखणार कसं? हजारो गाड्या.

“मूर्तिजापूर केंद्र,” भगवंतराव म्हणाले. “मी चौदा क्विंटल आनला होता. तुमी सरकी चावली अन् म्हनले, ‘ओल हाय.’ म्या म्हनलं, साहेब, वरून दव पडलं रस्त्यात. तुमी म्हनले, ‘दव वर पडते, तळाले नाई.’ खालची ग्रेड देल्ली.”

“होती का ओल?” महेजबीनने विचारलं.

भगवंतरावांनी रुमालाने मान पुसली. “होती ना. रात्री पानी मारलं होतं थोडं. पन साहेबाले दया आली असती तं काय झालं असतं?”

ती आधी हसली, मग आम्ही सगळेच. हसणं संपल्यावर हे ढिगावरून उठले. कपड्याला, केसांना रुई चिकटलेली.

“भगवंतराव, भाभीनं माह्या ग्रेडवर तुमाले जबान देल्ली होती. ती ग्रेड चुकली. मी बदलली.”

“काय म्हनता?” त्यांना खरंच धक्का बसला. चेक राहिला बाजूला. “तुमी बदलली? ग्रेड? अन् माह्या येळेस काय झालं होतं, बाप्पा?”

“तव्हा सरकी चावून पाह्यली होती. या येळेस न चावता सांगितलं.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दहा मुठी, एक मूठ, दूध, खोळ, तिकीट. काही लपवलं नाही, स्वतःला सोडून दिलं नाही, आणि नागपूरच्या पार्टीला चोरही म्हटलं नाही. तो आपला भाव लावतो, आपण आपला काढायचा, एवढंच. भगवंतराव बॅगेवर हात ठेवून ऐकत राहिले. कापसाचं आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. “म्हून तं वावर दुसऱ्याले बटईनं देऊन ह्या धंद्यात आलो,” म्हणाले. मग सवयीने दलालाचं बोलले. “एकशे सात करून देतो. त्याच्यावर मले हुकूम नाई.”

सगळे महेजबीनकडे पाहू लागलो. ती उसवलेल्या गादीकडे पाहत होती. तिने अय्युबभाईंचे टाके एकेक करून काढले होते आणि धाग्याचे तुकडे एका वाटीत ठेवले होते. फेकले नव्हते.

“भगवंतरावजी, मी जबान देल्ली तं खाली नाई जाऊ देनार,” ती म्हणाली. “शंभर शेअर घ्या. एकशे पाचनं, सातनं नाई. जे बोलली तेच. हे जबानीचे. बाकीचे सातशे माह्या म्हातारपनाचे, ते राहू द्या.”

“आठशेची बात होती ना, भाभी.”

“होती. पन बात ज्या ग्रेडवर होती ती ग्रेड राह्यली नाई, हे बी तुमी आपल्या कानानं ऐकलं. आता शंभरबी नको असतीन तं सांगा.”

“शंभर एकशे पाचनं काहून देता?” हे मध्ये पडले. “शेअरमागं एकवीसचं नुकसान हाय. एकवीसशे रुपये! ते मी भरतो. माही चूक हाय.”

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की मलाच खोळीआड लपावंसं वाटलं. “भाईजान, तुमी माह्या जबानीचे पैसे भरनार? मंग ती जबान कोनाची झाली?”

यांनी मान खाली घातली. भगवंतरावांनी कागद काढले, आठशेवर काट मारून शंभर लिहिलं आणि तिने उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडे, सावकाश. चेक देऊन ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले.

“साहेब, एक इचारू का? माह्या मायच्या नावावर दीडशे हायेत. लाल चिमणीचेच. ते म्या अजून काढले नाईत.”

“काहून?” महेजबीनने विचारलं.

“माय म्हनते, तू जे लोकायले घरोघर जाऊन मांगून राहिला, ते आपलंच काहून देतं?”

“तुमच्या मायले ही रीत येते,” हे म्हणाले. “ठेवा.”

संध्याकाळी गादी भरून झाली. अशी फुगली की दारातून निघेना. हे पैसे द्यायला बसले. रुईचे दिले, मजुरीचे दिले आणि खोळीपाशी आल्यावर जुन्या सवयीने तोंडातून निघालंच, “पन खोळीचं कापड तव्हा पंचवीस रुपये मीटर...”

आम्ही दोघींनी नुसतं पाहिलं. त्यांनी उरलेले पैसे मोजून ठेवले.

परतीच्या गाडीत तोच कंडक्टर होता. गादी आता टपावर टाकावी लागली आणि त्याने तिचं सामानाचं तिकीट फाडलं. “दहा वर्षांपयले हे किती होतं हो?” यांनी विचारलं. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सांगा, सांगा. एक मूठ हवी आहे त्यांना.”

आता ते माझ्याबरोबर बाजारात येतात. पिशवी धरत नाहीत. पण प्रत्येकाला विचारतात, तव्हा काय भाव होता. मेथीवाली आम्हाला लांबूनच ओळखते. पूर्वी हे आतल्या पानावरून थेट शेअरच्या पानावर उडी मारायचे, तेही आता बंद झालं आहे. आतलं पान ते वाचतात, गावाच्या नावावर बोट ठेवून. मी चहा ठेवते.

लाल चिमणीचा शेअर अजून एकशे आठच्या पुढे गेलेला नाही. महेजबीनचा फोन येतो. मोनालीला ऊठबस जमते का, बाळ रात्री झोपतं का, गादी एका बाजूला दबली तर नाही ना, हे सगळं ती विचारते. शेअरचं विचारत नाही. विचारत नाही म्हणून हेच मग माझ्या हातातून फोन घेतात आणि ओरडून सांगतात, कारण अकोला लांब आहे: “भाभी, अजून एकशे आठच हाय!”

पलीकडून तिचा आवाज मलाही ऐकू येतो. “राहू द्या ना, भाईजान. दाभण अजून दिसून राहिली मले.”